कांदा सोडला, पण पऱ्हाटीचं काय?



पाडवा जवळ आला की आमच्या मुकुटबनच्या आसपास संध्याकाळी शेतांतून धूर निघायला लागतो. कापूस वेचून झालेला असतो, पऱ्हाटी उपटून ढीग लावलेले असतात. काडी लावली की वावर मोकळं. धुऱ्यावरचं गवतही त्यातच जातं. यातली काही वावरं आपल्या समाजातल्या घरांची आहेत. जमीन फोडण्याचं पाप नको म्हणून (किंवा खरं सांगायचं तर दुकान सोडून जायला वेळ नाही म्हणून) ती मक्त्याने दिलेली असतात. मग तिथे काय जळतं ते मक्तेदाराचं काम, असं आपण धरून चालतो.

मला हे पटत नाही. पंधरा कर्मादानांची नावं आपण प्रतिक्रमणात भराभर म्हणून जातो. त्यातलं तेरावं दवग्गिदावणया, म्हणजे रानाला, गवताला आग लावणं. आणि पहिलं अणुव्रत नुसतं 'मारणार नाही' म्हणत नाही, 'मारवणार नाही' हेही म्हणतं. गांडूळ बेइंद्रिय, मुंगी तेइंद्रिय. ढिगाखाली दोन्ही असतात. शिवाय माती स्वतःच पृथ्वीकाय. आचारांगाच्या पहिल्याच अध्ययनात तिच्या जीवांचा विचार आहे. उकळतं पाणी निवल्याशिवाय आपण अंगणात ओतत नाही. सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट ती. मग एकरभर आगीचं काय?

आता संसाराच्या बाजूने बघू. मुकुटबनचं नाव हल्ली चुनखडी आणि सिमेंटसाठी घेतात, पण इथली घरं चालतात ती वरच्या काळ्या थरावर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओल धरून ठेवते. पाऊस संपल्यावरही कोरडवाहू कापूस उभा राहतो तो त्या ओलीवर. ओल टिकायला, माती भुसभुशीत राहायला तिच्यात कुजलेला पालापाचोळा लागतो, आणि तो कुजवणारे जीव लागतात. चमचाभर चांगल्या मातीत पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त सूक्ष्मजीव असतात. गांडुळांवर तर डार्विनने 1881 मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या कित्येक भागांत ती वर्षाला एकरी दहा टनांहून जास्त माती खालून वर आणतात, असा त्याचा हिशेब होता. बिनमजुरीचे सालगडीच म्हणा ना! दोन-तीन सेंटीमीटर माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात. गमावलेला थर आपल्या नातवंडांच्या हयातीत परत येत नाही.

राखेचं खत होतं, असं म्हणतात. थोडं होतं, पालाश उरतो. पण नत्र आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक धुरातून निघून जातात. मग तेच नत्र युरियाच्या पोत्यातून विकत आणायचं.

दुसरं कारण बोंडअळीचं, आणि ते खोटं नाही. गुलाबी बोंडअळी वाळल्या बोंडांत लपून राहते, म्हणून पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नये, बांधावर साठवूही नये, हे कृषी विभागही सांगतो. 2017 चा पावसाळा आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलं नसेल. फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. अळी वाढली की फवारा वाढतो, तेव्हा पऱ्हाटी वेळेत काढायलाच हवी. पण काढणं म्हणजे जाळणं नव्हे. ट्रॅक्टरच्या श्रेडरने तिचा भुगा होतो, तो शेणकाल्याबरोबर कुजवला की खत होतं. (विषाचा व्यापार, विसवाणिज्जे, हेही त्याच पंधरांत आहे. कृषी केंद्र असलेल्या घरांसाठी तो वेगळा लेख लिहीन, राग येणार असला तरी.)

मक्तेदारावर नुसती अट घालणं मात्र अन्याय आहे. काडीपेटी रुपया-दोन रुपयांची, श्रेडरचं भाडं त्याच्या खिशाला जड. आमच्याकडे दोन वर्षांपासून बोलणीत ठरलंय: पऱ्हाटी आणि धुरे जाळायचे नाहीत, आणि श्रेडरचं भाडं मक्त्यातून वजा. घरात आधी कुरकुर झाली. पण सातबारा माझ्या नावावर आहे. तुमच्यापैकी कित्येकींच्याही नावावर असेल. सह्या करताना एकदा वाचा, आणि मक्त्याची बोलणी बैठकीत चालली असतील तर चहा देऊन आत न जाता तिथेच बसा.