खिशातला कॉम्प्युटर आणि बाहेरून लावलेली कडी

आज जरा भांडायचा मूड आहे. मोबाईलच्या गप्पांचा ज्यांना कंटाळा येतो (आमच्या घरात अशांचं बहुमत आहे) त्यांनीही वाचावं, कारण भांडण मोबाईलवरून असलं तरी मोबाईलपुरतं नाही.

‘फोन म्हणजे कॉम्प्युटर का?’ हा प्रश्न अजूनही कुणी विचारला की मला गंमत वाटते. यंत्रापुरतं म्हणाल तर तो कधीच निकालात निघालाय. नोकियाने २००७ साली एन९५ विकताना जाहिरातीतच सांगितलं होतं की कॉम्प्युटर आता असा दिसतो. २०१७ साली सॅमसंगने डेक्स आणलं. फोन मॉनिटरला जोडा, कीबोर्ड-माऊस लावा, की समोर खिडक्या उघडणारा डेस्कटॉप हजर. हे मी आत्ता तसंच लिहितोय. टेबलावर लॅपटॉप नाही, फोन आहे. काही अडलेलं नाही.

त्याहून पक्का पुरावा हवा? २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ॲपलने मॅकमध्ये एम१ चिप घातली. ती घराण्याने फोनच्या चिपांमधलीच. पुढच्याच वर्षी तीच एम१ आयपॅड प्रोमध्ये आली. म्हणजे एकच मेंदू, एकाच कंपनीचा, दोन डब्यांत.

आता बघा हं. माझ्या एखाद्या मित्राने छोटासा प्रोग्राम लिहिला आणि मेलने पाठवला. मॅकवर तो उघडताना मशीन इशारा देतं, दोनदा विचारतं, सेटिंगमध्ये जायला लावतं, पण शेवटी माझं ‘हो’ चालतं. तीच चिप असलेल्या आयपॅडवर माझं ‘हो’ चालत नाही. तिथे प्रोग्राम ॲपलच्या स्टोअरमधून यायला हवा, नाहीतर ॲपलच्या खात्यावरून त्यावर सही व्हायला हवी. फुकटच्या खात्यावरून सही केलीत तर ते ॲप सात दिवसांनी बंद! स्वतः लिहिलेलं, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर. दुधाची पिशवीसुद्धा विकणाऱ्याला विचारून नासत नाही हो.

तर मुद्दा हा. फोन आणि कॉम्प्युटर यांच्यातली सीमा पुसली गेली म्हणतात, ते अर्धसत्य आहे. चिपची सीमा पुसली, स्क्रीनची पुसत आली. एकच उरली आहे आणि ती मुद्दाम राखली आहे : यंत्रावर काय चालेल हे कोण ठरवणार? कॉम्प्युटरवर मालक ठरवतो. फोनवर विकणारा ठरवतो.

हे काही निसर्गनियमाने झालेलं नाही. आमच्यासारखे जे नोकिया ६६०० पासून या नादाला लागले त्यांना आठवत असेल, एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या फोनमध्ये ब्लूटूथने ॲपची फाईल यायची आणि चालायची. मग सिंबियनच्या पुढच्या आवृत्तीत सही आणि सर्टिफिकेट आलं. सर्टिफिकेटची मुदत संपली की आपण फोनची तारीख मागे नेऊन ॲप घालायचो, आठवतंय? कारण सुरक्षेचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. ब्लूटूथने पसरणारे व्हायरस तेव्हा खरंच होते.

पण पायंडा पडला. २००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सचं म्हणणं होतं की फोन पीसीसारखा खुला नको, एखाद्या वाईट ॲपने नेटवर्कच बंद पडायचं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी बाहेरच्या ॲपना परवानगी जाहीर केली, तेव्हा त्या पत्रात चांगलं उदाहरण म्हणून कुणाचं नाव दिलं? नोकियाच्या सह्यांचं! जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं आणि सहीचं रूपांतर दरवाज्यात झालं. अँड्रॉइड त्या मानाने मोकळं. तिथे बाहेरून ॲप घालता यायचं, आणि म्हणून मी त्याचा भक्त झालो. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की ज्या डेव्हलपरने आपली ओळख गूगलकडे नोंदवली नाही त्याचं ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर घालता येणार नाही. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग बाकीच्या जगात. बरीच ओरड झाली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी जाणकारांसाठी एक वेगळी वाट ठेवण्याचं कबूल केलं. कबूल केलं, हे खरं. पण आपल्याच घरात शिरायला आपल्याला ‘वेगळी वाट’ का लागावी?

इथे घरातले वाचक म्हणतील, अरे, तुझ्या या हौसेशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मराठीचा आहे.

तुम्ही हे मराठीत वाचताय. कॉम्प्युटरवर मराठी आली कशी ते आठवा. विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसायला सीडी घालून वेगळ्या फायली टाकाव्या लागत. लिहायचं म्हणजे त्याहून कठीण. तेव्हा कुठल्या मोठ्या कंपनीने आपल्याकडे येऊन ‘बोला, काय हवं?’ असं विचारलं नव्हतं. बरहा आलं, गमभन आलं. कुणीतरी आपल्या भाषेच्या ओढीने प्रोग्राम लिहिला, नेटवर ठेवला, आपण उतरवला आणि लिहायला लागलो. मराठी ब्लॉग नावाची जी काही चळवळ झाली ती या बिनपरवान्याच्या प्रोग्रामांवर उभी आहे. त्या माणसांना कुणाची सही घ्यावी लागली नाही, वार्षिक फी भरावी लागली नाही, आणि ‘तुमच्या ॲपला पुरेसं मार्केट नाही’ हे ऐकावं लागलं नाही.

फोनवर काय झालं? सुरुवातीच्या कितीतरी फोनांवर मराठी म्हणजे नुसते चौकोन. मग ऑपेरा मिनीतली ती युक्ती तोंडोतोंडी पसरली : कॉन्फिगचं गुप्त पान उघडा आणि अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट चालू करा. चित्ररूपात का होईना, अक्षरं दिसायला लागली! फोनच्या कंपनीने जे दिलं नाही ते बाहेरच्या एका ब्राउझरने दिलं. अँड्रॉइडवर बाहेरचा कीबोर्ड घालायची सोय २००९ पासून होती, म्हणून आयआयटी मुंबईतल्या मंडळींना स्वरचक्रसारखा आपल्या लिपीच्या चालीने चालणारा कीबोर्ड करता आला. आयफोनवर बाहेरच्या कीबोर्डला परवानगी मिळाली २०१४ साली. तोपर्यंत कुणी कितीही हुशार मराठी मुलगी कितीही उत्तम कीबोर्ड लिहून बसली असती, तरी तो सगळ्या फोनवर चालवायला तिला जागाच नव्हती. सात वर्षं!

आज फोनवर मराठी उत्तम चालते, मान्य. पण अहिराणीचं, मालवणीचं, कोलामीचं काय? मोडी लिपीचं काय? ज्या भाषेला बाजार नाही तिचं काम बाहेरची, हौशी, वेडी माणसंच करतात. दरवाज्यावर पहारेकरी बसला की सगळ्यात आधी तीच माणसं परत फिरतात. मोठ्या कंपन्यांना पहारेकऱ्याशी बोलायला वकील असतात.

आता एक स्वतःची तक्रार. माझ्या बँकेचं ॲप फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की उघडतच नाही. ‘तुमचं उपकरण सुरक्षित नाही’ म्हणे. त्याच बँकेची वेबसाइट माझ्या लिनक्स लॅपटॉपवर, जिथे मी मुळापासून काहीही बदलू शकतो, निमूटपणे उघडते. पैसे तेच, खातं तेच, माणूस तोच. लॅपटॉपवर मी ग्राहक आणि फोनवर संशयित! कस्टमर केअरला विचारलं तर ‘सर, ऑप्शन बंद करा’ एवढंच उत्तर.

पुण्याच्या काकांशी यावरून वाद झाला. ते म्हणाले, “अरे, लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल येते, दाबली की खातं साफ. कुलूप नको तर काय?” काका, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पत्रिकेच्या आणि आरटीओच्या चलनाच्या नावाखाली आलेल्या फायलींनी आपल्याकडे लोकांचे खरे पैसे गेले आहेत. अशा फाईलपुढे फोनने जोरात ओरडावं, थांबवावं, हवं तर एक दिवस वाट बघायला लावावी. माझी काहीच हरकत नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या करा. फोन सुरक्षित आहे तो मुख्यतः प्रत्येक ॲप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं म्हणून. कॅमेरा हवा, संपर्क हवेत, तर दार वाजवून तुम्हाला विचारावं लागतं. ही व्यवस्था फोनच्या आत आहे आणि ती उत्तम आहे. ॲप कुठल्या दुकानातून आलं याच्याशी तिचा संबंध नाही. आणि दुकानाच्या पहाऱ्याचं म्हणाल तर सरकारने संसदेत दिलेली माहिती आहे : एप्रिल २०२१ ते जुलै २०२२ या काळात गूगलने प्ले स्टोअरवरची २५०० हून जास्त कर्ज देणारी ॲप बंद केली किंवा काढली. काढली, हे चांगलंच. पण काका, ती आत आली होती कुठून? पहारेकऱ्याच्या दारातूनच ना!

आणि पहारेकरी फुकट उभा नाही. वर्षानुवर्षं ॲपमधल्या डिजिटल विक्रीवर ३० टक्के, छोट्यांना २०२१ पासून १५. हा वाद किती जवळ आलाय ते १ मार्च २०२४ ला दिसलं. फीच्या भांडणात गूगलने भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी यांसारखी ॲप स्टोअरवरून उडवली. सरकारने मध्ये पडल्यावर ती परत आली. म्हणजे आपल्याकडच्या लग्नं आणि नोकऱ्या जमवणाऱ्यांचं दुकान एका दुपारी बंद होऊ शकतं, आणि उघडायला मंत्री लागतो! तुमच्या-माझ्या छोट्या ॲपसाठी कोण मंत्री येणार?

स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण काही आदेश रद्द केले. त्यांत बाहेरून ॲप घालण्यावर बंधनं नकोत हा आदेशही होता. दंडाचा आकडा सगळ्यांनी छापला. माझ्या मते हा आदेश जाणं हीच मोठी बातमी होती. युरोपात मार्च २०२४ पासून कायद्याने आयफोनवर दुसरी दुकानं आली. तिकडे आभाळ कोसळलेलं नाही. त्याच कारखान्यातला आयफोन इथे विकला गेला की त्याच्यावर मात्र ती मुभा आली नाही.

मला काय हवंय? फार काही नाही. कडी असावी, भक्कम असावी, पण आतून असावी. ज्याला पहारेकरी हवा त्याने ठेवावा. माझ्या आईच्या फोनवर मीच ठेवीन. पण ज्याला दार उघडायचं आहे त्याला इशारे देऊन, दोनदा विचारून, शेवटी उघडू द्यावं. बँकेने माझा व्यवहार तपासावा, माझी हौस नाही. आणि ‘हा फोन आहे, कॉम्प्युटर नाही’ हे कारण आता कुणी देऊ नये, कारण आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या हातात आलेला पहिला आणि एकुलता एक कॉम्प्युटर हाच आहे. आमच्या पिढीला सायबर कॅफेतलं का होईना, पण उघडून बघता येईल असं यंत्र मिळालं. बरहा आणि गमभन लिहिणारे तशाच यंत्रांवर घडले. या मुलांना आपण बाहेरून कडी लावलेलं यंत्र देतोय आणि वर विचारतोय की ही पोरं नुसती रील्स का बघतात.

असो. काकांचं उत्तर प्रतिक्रियांमध्ये येईलच. बाकीच्यांनीही भांडावं, पण एक करा : आधी आपला फोन हातात घ्या आणि त्यातलं कंपनीने आधीच घालून दिलेलं, तुम्ही कधीही न वापरलेलं एखादं ॲप पूर्ण काढून टाकता येतंय का ते बघा. मग बोलू.