शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर

बेलापूर म्हटलं की ऑफिसात सगळ्यांना नवी मुंबईच आठवते. मी म्हणतोय ते अहिल्यानगर (म्हणजे आपलं नगर हो!) जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं बेलापूर. त्याच्या नावाचं रेल्वे स्टेशन मात्र श्रीरामपुरात! असो.

इथे पाऊस बेताचाच. पूर येतो तो लांबच्या पावसाचा. तिकडे घाटघर-रतनवाडीला धो धो कोसळतो, भंडारदरा-निळवंडे भरतात, पाणी सुटतं आणि इकडे कोरड्या आभाळाखाली नदी फुगते.

मोठा पूल बांधताना 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा पूर धरतात. म्हणजे काय, तर दरवर्षी एक टक्का शक्यता. शंभर वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता भरते ६३ टक्के. उद्या तोच पूर चाळीस वर्षांतून एकदा यायला लागला, तर ९२ टक्के! पूल तोच, गणित बदललं.

आणि हे गणित जुन्या नोंदींवर उभं असतं. पुण्याच्या आयआयटीएमचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्यात. दहा वर्षांपूर्वीच्या ट्रॅफिकवर लोड टेस्ट करून आपण सर्व्हर लाइव्ह करू का? पुलांचं मात्र चालतं.

उन्हाचंही तेच. एक किलोमीटर मोकळा रूळ दहा अंशांनी तापला, तर साधारण साडेअकरा सेंटिमीटर वाढेल. सलग जोडलेल्या रुळाला वाढायला जागाच नसते, मग दाब साठतो आणि रूळ वाकू शकतो. आता कमाल तापमान कुठवर जाईल, हे दौंड-मनमाड मार्गासाठी कुणीतरी मांडायला नको?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्यांसकट. त्याचं सगळं खापर हवामानबदलावर फोडता येणार नाही. पण म्हाताऱ्या पुलांपुढे नवा पाऊस उभा राहिला की काय होईल, हा प्रश्न त्या रात्रीनंतर तरी टाळता येत नाही.

माझं मागणं साधं आहे. घाटातला तासातासाचा पाऊस, धरणाचा विसर्ग आणि पुलाखालची पाण्याची पातळी, हे तिन्ही एकत्र नोंदवा आणि सगळ्यांना खुलं करा. नदीच्या तळाची झीज दर पावसाळ्यानंतर मोजा. त्यावर आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांना प्रोजेक्ट करू द्या. नवीन पुलाच्या खर्चापुढे हा खर्च म्हणजे किरकोळच.

पूल कधी बंद करायचा, हे पाणी पुलाला लागल्यावर ठरवायचं नसतं. ते आधी माहीत असावं लागतं.