रोग एकीकडे, पैसा दुसरीकडे

वाचकहो, वर्गातील पंचवीस मुले गणितात नापास झाली, दोन भूगोलात, आणि मुख्याध्यापकांनी जादा तास लावले ते भूगोलाचे! तुम्ही शाळेवर चाल करून याल. पण आरोग्याचे अंदाजपत्रक असेच बनते, तेव्हा कोणी ब्र काढीत नाही.

टांझानियाचे उदाहरण घ्या. तेथील मोरोगोरो व रुफिजी या जिल्ह्यांत १९९० नंतरच्या दशकात कॅनडाच्या साहाय्याने एक प्रयोग झाला. तिकडे बहुतेक मृत्यू घरीच होत, दवाखान्याच्या वहीत त्यांची नोंदच नसे. म्हणून कार्यकर्ते घरोघर फिरले. कोण गेले, वय काय, आधी लक्षणे कोणती, हे घरच्यांना विचारून मृत्यूचे कारण ठरविले. मग नुसती मृतांची संख्या नव्हे, तर बुडालेली वर्षे मोजली. दोन वर्षांचे मूल गेले तर सारे आयुष्य बुडाले. म्हातारा गेला तर थोडे. (आम्हां पन्नाशी उलटलेल्यांना हा हिशेब झोंबतो खरा, पण चूक म्हणवत नाही.)

या आकड्यांशेजारी खर्चाचे आकडे मांडले, आणि अधिकारी चपापले. बुडालेल्या वर्षांपैकी सुमारे ३० टक्के एकट्या हिवतापाने नेली होती. १९९६ च्या अंदाजपत्रकात त्याच्या वाट्याला होते अवघे ५ टक्के! याउलट क्षयरोगाला भारापेक्षा पुष्कळ अधिक.

मग वरून हुकूम न सोडता जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनाच फेरवाटप करू दिले. जादा पैसा लागला तो माणशी वर्षाला एका डॉलरहून कमी. औषध लावलेल्या मच्छरदाण्या आल्या, बालरोगांवर एकत्रित उपचार करण्याचे शिक्षण कर्मचाऱ्यांना मिळाले. पुढील काही वर्षांत तेथील बालमृत्यू झपाट्याने उतरले. सगळे श्रेय तक्त्याला देणे मात्र भाबडेपणाचे होईल.

आणि एक धोका आहे. लस टोचल्यामुळे गोवर दिसत नाही, म्हणून तक्त्यात त्याचा भार कमी. तेवढ्यावरून लसीचा पैसा कापणारा कारकून निघायचाच! राखणदार आहे म्हणून चोरी होत नाही, हे त्याला कोणी सांगायचे? तक्ता वाचणारा शहाणा हवा, आणि तो त्याच मुलखातला हवा.

आपल्या तालुक्याच्या आरोग्यकेंद्रात असा तक्ता भिंतीवर टांगलेला तुम्ही कधी पाहिला आहे काय? आम्ही तरी पाहिलेला नाही.