प्लगवरची काजळी
कायनेटिकची लुना 1972 साली आली. मूळ घाट इटलीतल्या पियाज्जिओ कंपनीच्या ‘चाओ’चा, पण घडली आपल्या नगरला. 50 सीसीचं इंजिन, गिअर नाही, क्लचची कटकट नाही. वडिलांची लुना रविवारी पुसायचं काम माझ्याकडे असे. पुसता पुसता मी ती उघडायला कधी लागलो, ते घरात कुणाला कळलंच नाही. पोराच्या हाताला वळण लावायला टू-स्ट्रोक इंजिनासारखा मास्तर नाही. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच वरखाली होताना वाटा उघडतो आणि झाकतो. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलं की प्लगवर काजळी धरते आणि ठिणगी पडेनाशी होते. मग पाना घ्यायचा, प्लग काढायचा, पॉलिशपेपरने घासायचा आणि पायडल मारत सुटायचं. पेट्रोल संपलं तरी तीच पायडलं घरापर्यंत आणत (चढ लागला की मात्र देव आठवे). पुढे मोठ्या गाड्या आल्या, पण जीव अडकला तो जुन्या टू-स्ट्रोकमध्येच. लोकांनी टाकून दिलेली इंजिनं आणायची, धुवायची, चालू करायची, हा उद्योग अजून सुरू आहे आणि त्यावर घरच्यांचं मत छापण्याजोगं नाही. 2024 मध्ये विजेवरची ई-लुना आली. गाडी चांगली असेल, पण तिला प्लगच नाही, म्हणजे मला काम नाही. तुमच्या पडवीत जुनी लुना पडली असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिचं आरसी बुक शोधा आणि दुरुस्त करणारा कुणी भेटतो का ते बघा.