वहीची दुसरी प्रत

व्यापाऱ्याची वही ही दोन माणसांमधली साक्ष असते. मालवणच्या पेठेत चतुर्थीच्या तोंडावर उधारीने किराणा उचलला जातो. देवगडकडचा बागायतदार आंब्याचा हंगाम आटोपल्यावर बाकी चुकती करतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे काजूबीच्या खरेदीत आधी उचल दिली जाते आणि हिशेब मागाहून होतो. अशा व्यवहारात वही नाहीशी झाली, तर आपले येणे बुडते, हा त्यातला लहान तोटा आहे. ज्याने पैसे केव्हाच फेडले आहेत, त्याच्याकडे आपण पुन्हा मागणी करतो, ही मोठी हानी. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘न्यासापहार’ सांगितला आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि त्याने कमी मागितले, तर तेवढेच देऊन गप्प राहणे, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी केला आहे. विसरलेल्या आकड्याचा प्रश्न आपल्या आचार्यांनी किती बारकाईने पाहिला होता, हे यावरून दिसते. म्हणून वहीची दुसरी प्रत ठेवणे हे श्रावकाच्या सचोटीचेच अंग आहे.

आज ही वही संगणकात गेली आहे, आणि कोकणची हवा संगणकाला फारशी मानवत नाही. चार महिने ओल, समुद्राकडून येणारी खारी हवा, वळिवाच्या विजा आणि मधूनच जाणारा वीजपुरवठा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत सरकले, तेव्हा किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कित्येक दिवस दिवे लागले नाहीत. अशा वेळी ज्याची एकमेव वही दुकानातल्या एकाच यंत्रात असते, त्याला केवळ दैवावर हवाला ठेवावा लागतो.

ग्रंथ राखायचा तर त्याच्या प्रती काढाव्यात आणि त्या निरनिराळ्या गावी ठेवाव्यात, हे आपल्या समाजाला नवे नाही. दहाव्या शतकात दानचिंतामणी अत्तिमब्बे यांनी पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या, अशी परंपरा आहे. धवला व जयधवला हे टीकाग्रंथ मात्र शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरच राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद या व्यापारी श्रावकांनी पुढाकार घेतला, तेव्हा कोठे त्यांची नक्कल सुरू झाली. डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे महाबंधाच्या ताडपत्रांचा काही भाग किडीने खाल्ल्याचे कळल्यावर आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने हे सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरले गेले आणि फलटणला ठेवले गेले. माध्यम बदलण्याची ही दृष्टी किती योग्य होती, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा ताम्रपट याच दमट मुलखात टिकून राहिला.

संगणकाच्या जगात हाच विचार ‘तीन-दोन-एक’ या सूत्रात सांगतात. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांतील एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. दुकानातला संगणक ही पहिली प्रत, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क ही दुसरी, आणि घरी, दुसऱ्या गावच्या नातलगाकडे किंवा क्लाउडवर ठेवलेली तिसरी.

बॅकअपचे सॉफ्टवेअर बसवण्याआधी एक काम करावे. आपली माहिती नक्की कोणत्या फोल्डरमध्ये आहे, हे कागदावर लिहून काढावे. टॅलीचा डेटा, बिलांचे फोटो, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे उतारे, दर-याद्या आणि मोबाइलवर आलेल्या ऑर्डरी यांची यादी झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. सॉफ्टवेअर आपल्याला विचारून प्रत काढत नाही. त्याला जेवढे दाखवले असेल, तेवढेच ते उचलते.

बहुतेक दुकानांत विंडोज असते. तिच्यात ‘फाइल हिस्टरी’ ही सोय आधीपासूनच आहे, वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. हार्ड डिस्क जोडावी, कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी उघडावी आणि ती सुरू करावी. मुळात ठरलेली वेळ दर तासाची असते. फाइलच्या जुन्या आवृत्त्याही ती जपते, त्यामुळे चुकून पुसलेली दर-यादी मागच्या तारखेची परत मिळू शकते. परंतु ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक जागांचीच प्रत काढते. टॅलीचा डेटा सहसा या जागांच्या बाहेर असतो, आणि अनेकांची फसगत नेमकी येथेच होते. त्यासाठी टॅली प्राइममध्येच ऑल्ट आणि वाय ही बटणे एकत्र दाबून ‘बॅकअप’ निवडावा आणि दर वेळी त्या दिवसाच्या तारखेचा नवा फोल्डर द्यावा. टॅली उघडी असताना तिचा फोल्डर नुसता उचलून पेन ड्राइव्हवर टाकू नये, अर्धवट प्रत मिळण्याचा धोका असतो. विंडोज ११ मधील ‘विंडोज बॅकअप’ हे वेगळे ॲप माहिती वनड्राइव्हवर पाठवते. तेथे फुकट मिळणारी जागा ५ जीबी आहे, फोटोंनी ती लवकर भरते. विंडोज १० वापरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की त्या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. संगणक बदलण्याचा विचार असेल, तर आधी बॅकअप घ्यावा आणि मगच बदल करावा.

मॅकवर ‘टाइम मशीन’ असते. नवी डिस्क जोडून सिस्टिम सेटिंग्जमधील ‘जनरल’ या विभागात ती निवडली, की काम सुरू होते. मागच्या २४ तासांच्या दर तासाच्या, मागच्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ती ठेवते. डिस्क भरली, की सर्वांत जुन्या प्रती काढून टाकते. डिस्क मॅकच्या साठवणीच्या निदान दुप्पट असावी. पहिल्यांदा जोडताना ती डिस्क पुसण्याची परवानगी मागू शकते. म्हणून ज्या डिस्कवर दुकानातल्या विंडोजचा बॅकअप आहे, तीच डिस्क घरच्या मॅकला देऊ नये, एका ‘होय’मध्ये आधीची सगळी प्रत जाईल. दोन्हीकडे फाइली न्यायच्या असतील, तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला निराळा पेन ड्राइव्ह ठेवावा. मॅकवर आभासी विंडोज चालवून टॅली वापरणाऱ्यांनी टाइम मशीनवर विसंबू नये, टॅलीचा स्वतःचा बॅकअप वेगळा घ्यावा.

जुन्या संगणकाला नवे आयुष्य देण्यासाठी काही घरांत मुलांनी लिनक्स बसवलेले असते. उबुंटूवर ‘डेजा डुप’ हे साधे सॉफ्टवेअर ॲप सेंटरमधून बसवता येते. कोणता फोल्डर, कोठे आणि किती दिवसांनी, एवढे सांगितले, की ते आपले काम करते. लिनक्स मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ आधीच असते, पण त्याच्या नावावरून भुलू नये. ते मुळात कार्यप्रणालीची प्रत ठेवते आणि आपल्या घरगुती फाइली वगळते. त्यांच्यासाठी मिंटच्या यादीतील ‘बॅकअप टूल’ वापरावे.

आता निम्मा व्यापार मोबाइलवर चालतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये गूगलच्या खाली बॅकअप असतो, आयफोनवर आयक्लाउड. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्याच सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’खाली वेगळा सुरू करावा लागतो. अँड्रॉइडवर तो गूगलच्या १५ जीबी मोफत जागेतच मोजला जातो. त्या जागेत आपली ईमेलही असते. जागा भरली, की बॅकअप थांबतो.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. दोन संगणकांत तीच फाइल एकाच वेळी दिसावी म्हणून केलेली जोडणी हा बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेले दुसऱ्या ठिकाणीही पुसले जाते. सतत जोडून ठेवलेली हार्ड डिस्कसुद्धा तितकीच असुरक्षित असते. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक निकामी केले. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. वापरकर्त्यांच्या अधिकारांची मूळ नोंद ठेवणारे कंपनीचे सर्व्हर परस्परांची नक्कल सांभाळत होते, त्यामुळे ते एकापाठोपाठ एक गेले. वाचला तो घानामधील एकच. त्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. वीज जाण्याला आपण किनाऱ्यावरची माणसे नेहमीच दोष देतो, त्या दिवशी तिनेच एवढ्या मोठ्या पेढीची नोंद राखली. यातून घ्यायचे ते एवढेच, की एक प्रत नेहमी तुटलेली असावी. काम झाले, की डिस्क काढावी, सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि डबा दुकानाऐवजी घरी न्यावा. डिस्कला पासवर्ड जरूर लावावा, कारण तीत गिऱ्हाइकांचीही माहिती असते. तो पासवर्ड मात्र कागदावर लिहून तिजोरीत ठेवावा. घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असलेला पासवर्ड त्याच्या माघारी सगळ्या प्रती निरुपयोगी करतो.

कायद्याची अपेक्षाही लहान नाही. जीएसटीखालील हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. ज्या पेढ्या कंपनी म्हणून नोंदलेल्या आहेत, त्यांना आठ वर्षांची वहीखाती ठेवावी लागतात. ही खाती संगणकावर असतील, तर ऑगस्ट २०२२ च्या नियमबदलानुसार त्यांचा रोजचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर असणे बंधनकारक आहे. इतक्या काळात एखादी डिस्क बिघडणे हे गृहीतच धरावे.

राहिला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. घेतलेली प्रत उघडते का? महिनोन्‌महिने हिरवी खूण दाखवणारा बॅकअप गरजेच्या दिवशी रिकामा निघू शकतो. त्याची परीक्षा एकाच रीतीने होते. प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावी, टॅलीची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ‘रिस्टोअर’ करावी, म्हणजे चालू खात्यावर जुने खाते चढणार नाही. मग एखाद्या गिऱ्हाइकाची बाकी मूळ वहीशी ताडून पाहावी. आकडा जुळला, तरच ती प्रत खरी.

ही परीक्षा केव्हा करावी, याचे उत्तर आपल्या पंचांगात आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. आचार्य धरसेनांकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंत व भूतबली यांनी ग्रंथबद्ध केले, त्या षट्खंडागमाच्या पूर्तीचा हा दिवस. कोकणात तो मृगाच्या आगेमागे, म्हणजे पावसाच्या उंबरठ्यावर येतो. कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. पावसाळ्यात ओल धरलेल्या पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, कीड लागली का ते पाहायचे आणि नव्या वेष्टनात बांधायच्या, अशी रीत ज्ञानभांडारांत चालत आली आहे. तीच तिथी व्यापाऱ्यांची लाभपंचमी. एक पंचमी पावसाआधी आणि एक पावसानंतर, वर्षातून दोनदा डबा उघडावा, डिस्क जोडावी आणि एक तरी खाते उतरवून वाचावे. घरातल्या मुलामुलींना सोबत बसवावे. कोणती प्रत कोठे आहे आणि ती कशी उघडायची, हे त्यांना त्याच दिवशी कळेल. श्रुतपूजेच्या पाटावर ग्रंथांशेजारी तो लहानसा डबाही ठेवावा. त्यात कोणाकोणाचे देणेघेणे विश्वासाने ठेवलेले आहे.