हळदीचा ब्रँड काढताय? लॅब उभारू नका, लॅब वापरा!



हळदीच्या कॅप्सूल, निर्गुडीचं तेल, शल्लकीचा लेप... असे उद्योग आता गावोगावी निघालेत. चांगलंच आहे. पण लेबलवर बिनधास्त छापलेलं असतं, "सूज आणि सांधेदुखी मुळापासून घालवते." कशावरून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आमची आजी लावायची ना!"

माझं मत स्पष्ट आहे. आजीवर श्रद्धा ठेवा, पण धंदा कागदावर उभा करा.

१९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. कशामुळे? जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवले म्हणून. परंपरेलासुद्धा पुरावा लागला!

आता तुम्ही म्हणाल, "सर, टेस्टिंगची मशिनं लाखांत जातात." बरोबर. म्हणूनच ती घ्यायची नाहीत. आयआयटी मुंबईत, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात 'सैफ' नावाची सामाईक उपकरण केंद्रं आहेत. पुण्यात एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे. कोणत्या सरकारी संस्थेत कोणतं मशीन आहे, ते 'आय-स्टेम' पोर्टलवर शोधता येतं. सँपल तुमचं, मशीन त्यांचं. पैसे फक्त टेस्टपुरते.

पण काय तपासायचं, याचा क्रम चुकला की पैसे पाण्यात. माझा क्रम असा आहे:

१. माल सुरक्षित आहे का? शिसं, कीटकनाशकांचे अंश, बुरशीचं विष. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत. एफएसएसएआयच्या पूर्ततेसाठी रिपोर्ट हवा असेल तर तो त्यांच्या मान्यताप्राप्त लॅबचाच घ्या. विद्यापीठातला रिपोर्ट माल सुधारायला उत्तम, पण तो तिथे चालेलच असं नाही.

२. आत नेमकं काय, किती आहे? हळदीत कर्क्युमिन साधारण २ ते ५ टक्के असतं. एचपीएलसी टेस्टमध्ये नेमका आकडा कळतो. प्रत्येक बॅचला तो जवळपास सारखा आला, तर मोठा खरेदीदार तुमच्याशी भावाचं बोलेल.

३. सुजेवर काम करतं का? ही टेस्ट सगळ्यात शेवटी. लॅबमध्ये उंदराच्या पेशींना जिवाणूंच्या घटकाने चिथवतात, मग तुमचा अर्क घालून नायट्रिक ऑक्साइड, टीएनएफ-अल्फा अशी सुजेची रसायनं किती कमी झाली ते मोजतात. दोनपैकी कोणती रेसिपी पुढे न्यायची, हे ठरवायला याचा उपयोग होतो.

पण इथेच बरेच जण घसरतात! बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. कर्क्युमिन पोटातून रक्तात फार थोडं उतरतं. शिवाय ते अशा टेस्टमध्येच ढवळाढवळ करून खोटा होकार देऊ शकतं, असं २०१७ च्या एका गाजलेल्या शास्त्रीय आढाव्यात दाखवलंय. त्यामुळे हा रिपोर्ट म्हणजे "सांधेदुखी घालवते" छापायचा परवाना नाही. फूड लायसन्सवर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे. औषध म्हणून विकायचं असेल, तर आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना काढा. तो रस्ता वेगळा आहे.

आता थोडं लॅबवाल्यांनाही सांगतो. दरपत्रकात बहुधा विद्यार्थ्यांचा दर वेगळा आणि 'इंडस्ट्री'चा वेगळा असतो. पाच बायकांचा बचत गट आणि मोठी औषध कंपनी एकाच रकान्यात! वर रिपोर्ट म्हणजे नुसते आकडे, समजावणारं कुणी नाही. जनतेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या लॅबमध्ये सूक्ष्म उद्योगासाठी वेगळा दर हवा आणि रिपोर्ट मराठीत समजावून देणारा माणूस हवा. ही काही मेहेरबानी नाही.

तोवर आपण काय करायचं? एकत्र यायचं. शेतकरी कंपनीकडून दहा जणांनी एकाच लॉटचा कच्चा माल उचलला, तर त्या लॉटच्या टेस्टचा खर्च दहा ठिकाणी वाटला जातो. दळून, पॅक करून झाल्यावरची टेस्ट मात्र ज्याची त्याने करायची.

पुढची जाहिरात बूस्ट करण्याआधी तेवढ्या पैशात कोणती टेस्ट होते, ते एकदा फोन करून विचारा. जाहिरात आठवडाभरात विरते. रिपोर्ट मात्र पुढच्या खरेदीदारासमोर ठेवता येतो.

लागा कामाला!