पडलेल्यास उठवू नये

आमच्या सिल्वासा परिसरात कोणी झाडावरून वा बांधकामाच्या परांचीवरून पडला, की मंडळी धावतात, त्यास उठवून बसवितात, पाणी पाजतात. हेतू शुद्ध असतो. परंतु पाठीचा मणका मोडला असल्यास हीच तत्परता घातक ठरते. हाड जुळून येते. मणक्यांच्या पोकळीतील मज्जारज्जू तुटला, तर पुन्हा सांधत नाही. म्हणून जखमीस हलवू नये. १०८ क्रमांकास कळवावे. हलविणे अटळच असेल, तर चौघांनी डोके, मान व कंबर एका रेषेत राखून त्यास फळीवर घ्यावे, असे आम्ही सुचवितो.

रुग्णालयात क्ष-किरण व सीटी स्कॅनने निदान होते. मोडलेला मणका स्थिर असल्यास बहुधा विश्रांती व कमरपट्टा पुरतो आणि सुमारे तीन महिन्यांत हाड सांधते. अस्थिर असल्यास शस्त्रक्रियेने स्क्रू व सळ्या बसवाव्या लागतात.

पाय गेले, तरी पुरुषार्थ उरतो. १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागलेल्या मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. तथापि जे पाय वाचू शकतात, ते आपल्या घाईने जाऊ नयेत, एवढीच आमची विनंती.